छोटा देश, पण घाईचा नव्हे : उरुग्वेविषयी वाचकांचे प्रश्न

उरुग्वेचं क्षेत्रफळ सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकसंख्या साधारण ३५ लाख आणि त्यातले एक तृतीयांशाहून अधिक लोक राजधानी मोंतेविदेओत राहतात. आकडे वाचून अनेकांना वाटतं की दोन दिवसांत सगळं उरकेल. या महिन्यात आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हाच समज आहे, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

ऑफिसच्या कामासाठी ब्यूनोस आयर्सला जाणार आहे. मध्ये एक सुट्टीचा दिवस आहे. सकाळच्या बोटीने मोंतेविदेओला जाऊन रात्री परत येता येईल का? (पुणे)

येईल, पण आमचं मत विचाराल तर जाऊ नका. थेट जलद बोटीला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. त्याआधी बंदरावर दीड-दोन तास पोहोचावं लागतं, कारण अर्जेंटिनातून बाहेर पडण्याची आणि उरुग्वेत शिरण्याची, अशा दोन्ही तपासण्या ब्यूनोस आयर्सच्या बंदरावरच होतात. परतीला तेच उलट. दिवसाचे आठ तास रांगेत आणि बोटीत जातात. एकच दिवस असेल तर उरुग्वेच्याच कोलोनिया या जुन्या गावाला जा. बोट सव्वा तासाची आहे आणि जुनं गाव धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर. मोंतेविदेओसाठी किमान तीन रात्री काढा.

आता अडचण कुठे येते ते पाहा. उरुग्वेचा व्हिसा ब्यूनोस आयर्सलाच तपासला जातो. तो नसेल तर बोटीत पाऊलही ठेवता येत नाही. आणि अर्जेंटिनाचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर उरुग्वेत शिरताच तो संपतो आणि परतीचं विमान ब्यूनोस आयर्सहून असलेला माणूस पलीकडच्या काठावर अडकतो. अर्ज भरतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. दुसऱ्या एखाद्या देशाच्या व्हिसावर सवलत देण्याचे नियम अधूनमधून बदलत असतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी दोन्ही देशांच्या नवी दिल्लीतल्या दूतावासांकडून त्या दिवशीचा नियम लेखी घ्या.

मुंबईहून विमानाचा मार्ग कोणता घ्यावा? पीतज्वराची लस लागते का? (ठाणे)

थेट विमान नाही. दोन मार्ग सोयीचे पडतात. एक, युरोपातून माद्रिदमार्गे. माद्रिद ते मोंतेविदेओ थेट विमानं आहेत. दुसरा, दुबई, दोहा किंवा आदिस अबाबाहून साओ पावलो आणि तिथून अडीच-तीन तासांचं छोटं उड्डाण. कुठलाही मार्ग घेतलात तरी सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. स्वस्त पडतं म्हणून साओ पावलोपर्यंत एक आणि पुढचं वेगळं तिकीट काढलं, तर सामान घेऊन पुन्हा जमा करायला ब्राझीलमध्ये प्रवेश करावा लागतो आणि त्याला ब्राझीलचा व्हिसा हवा. माद्रिदला नुसतं विमान बदलण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागेल का, हेही आधी विचारा.

लसीचं म्हणाल तर उरुग्वे पीतज्वराच्या देशांत मोडत नाही. पण ब्राझील आणि अर्जेंटिना भारत सरकारच्या यादीत आहेत. त्या देशांत राहून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावरच विलगीकरणात ठेवतात. नुसतं विमान बदललं, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही, तर सूट मिळू शकते; पण निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा. त्यापेक्षा लस घ्या. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, ही लस सर्वांना चालत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणं बरं की दिवाळीत? (कोल्हापूर)

दिवाळीत. ऋतू आपल्या उलट आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिकडचा वसंत. हवा गोड, गर्दी कमी, दर माफक. मात्र समुद्राचं पाणी गार. पोहायचं असेल तर डिसेंबर ते मार्च. त्यातही जानेवारी टाळा. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून पर्यटक येतात, पुंता देल एस्ते या किनारी शहरात राहण्याचे दर अवाच्या सवा होतात आणि पूर्वेकडच्या बसगाड्या भरून जातात. उलट मोंतेविदेओतल्या काही खाणावळी जानेवारीत बंद असतात, कारण मालकच किनाऱ्यावर गेलेले असतात. मार्चचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला, पाणी उबदार आणि गर्दी ओसरलेली.

मे वाईट नाही, पण दमट थंडी सुरू होते. तापमान दहा-बारा अंशांवर आलं की वाऱ्यामुळे ते पाच वाटतं. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या कोरड्या, बोचऱ्या वाऱ्याला तिकडे ‘पाम्पेरो’ म्हणतात. जुन्या घरांत हीटर असेलच असं नाही, म्हणून खोली घेताना विचारा.

कॅलेंडरमधले काही दिवस लक्षात ठेवा. १ मे आणि १ जानेवारीला शहर अक्षरशः बंद असतं. १ मेला तर शहरातल्या बसही धावत नाहीत. २४ आणि ३१ डिसेंबरला संध्याकाळी लवकरच बस थांबतात. आदल्या दिवशी दूध-भाजी आणून ठेवायला हवी. ईस्टरच्या आठवड्याला सरकारी भाषेत ‘पर्यटन सप्ताह’ म्हणतात, आणि सारा देश खरोखर फिरायला निघतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘वारसा दिना’च्या शनिवार-रविवारी एरवी बंद असणाऱ्या इमारतीही फुकट पाहता येतात. तारखा जुळत असतील तर हा शनिवार-रविवार सोडू नका.

आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. मुलगी मोंतेविदेओला आयटी कंपनीत आहे, तिच्याकडे सहा आठवडे राहणार. खाण्याचं कसं? काय बरोबर न्यावं? (सांगली)

मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने २००२ मध्ये मोंतेविदेओत केंद्र सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरं तिथे येत-जात आली आहेत. स्वयंपाकघर हाताशी असेल तर सहा आठवडे अगदी नीट जातात. अडचण बाहेर खाताना येते, म्हणून ती आधी सांगतो.

हा गोमांसाचा देश आहे आणि मांस फक्त ताटात नसतं. ‘तोर्ता फ्रिता’ हा पावसाळी दिवशी रस्त्यावर मिळणारा तळलेला मैद्याचा पदार्थ पुरीसारखा दिसतो, पण तो बहुधा गाईच्या चरबीत मळलेला आणि तळलेला असतो. बेकरीतल्या ‘बिस्कोचो’ या छोट्या खाऱ्या-गोड पावांतही तीच चरबी घातलेली असते. विचारायचं ते ‘ग्रासा’, म्हणजे चरबी, आहे का असं. नुसतं ‘मांस आहे का’ विचारलं तर ‘नाही’ असं खरं उत्तर मिळेल. मसुरीच्या आमटीसारख्या रश्शात डुकराचे तुकडे असतात. भाजीचं सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. ‘कार्ने’ म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गोमांसच येतं, म्हणून ‘बिना कार्ने’ म्हटलेल्या सँडविचमध्ये हॅम सापडतो. पूर्ण यादी म्हणा: ‘नो कोमो कार्ने, नि पोशो, नि पेस्कादो, नि हामोन’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, हॅम काहीच नाही.

आता काय मागवावं. सगळ्यात पहिलं ‘फायना’. बेसन, पाणी, तेल, मीठ. लाकडाच्या भट्टीत पातळ भाजलेलं. वर पांढरी मिरपूड भुरभुरतात. पिझ्झाच्या प्रत्येक दुकानात मिळतं. कडेचा कुरकुरीत तुकडा हवा तर ‘दे ओरिशो’ म्हणा. पिझ्झा मागवताना सावध राहा: उरुग्वेत नुसतं ‘पिझ्झा’ म्हटलं तर फक्त टोमॅटोचा रस लावलेला, चीज नसलेला येतो. चीज हवं तर ‘मुझारेला’ मागा. पालक-अंड्याचा ‘पास्कुआलिना’, निखाऱ्यावर भाजलेलं प्रोवोलोने चीज, चीज-कांद्याची करंजीसारखी एम्पानादा आणि वांग्याचं किंवा सोयाचं ‘मिलानेसा’ (पावाचा चुरा लावून तळलेला काप) हे सगळीकडे मिळतात. बटाट्याचे ‘न्योकी’ दर महिन्याच्या २९ तारखेला खायची तिथली रीत आहे. ते घेताना सॉस टोमॅटोचा आहे ना, हे पाहा. रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. सात वाजता गेलात तर स्वयंपाकघर थंड असतं.

घरी करण्यासाठी बाजारात काय मिळतं ते पाहू. बेसन फायनासाठीचं पीठ म्हणून मिळतं, थोडं जाडसर असतं. पिठलं उत्तम होतं. ‘लेंतेहा’ म्हणजे अख्खा मसूर, ‘गार्बान्सो’ म्हणजे काबुली चणे, ‘पोरोतो’त राजम्याचे सगळे प्रकार. तूरडाळ मिळत नाही असंच धरून चला. तांदूळ तिथेच पिकतो आणि निर्यातही होतो, साध्या भातासाठी छान. चार शून्यांचं पीठ म्हणजे आपला मैदा. पोळ्यांसाठी ‘इंतेग्राल’, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, आणि मैदा निम्मे-निम्मे घेऊन कणीक अर्धा तास भिजवून ठेवा, कारण तिथला कोंडा भरड असतो. दूध पिशवीत मिळतं, विरजण छान लागतं. कोथिंबिरीसारखी दिसणारी जुडी बहुधा पार्सली असते, वास घेऊन घ्या. मिरची सौम्य असते.

बरोबर नेण्यात एक मर्यादा आहे. शेती आणि पशुधनावर जगणारा देश असल्यामुळे विमानतळावर ताजी फळं, भाज्या, बिया, दुधाचे पदार्थ काढून घेतात. अख्खी मोहरी, मेथी, डाळी या बियाच आहेत, त्या जाण्याची शक्यता धरा. हळद, तिखट, गोडा मसाला, हिंगाची डबी असे दळलेले, कंपनीचं सील असलेले मसाले न्या आणि फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर दंड होऊ शकतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

मोंतेविदेओत कुठल्या भागात राहावं आणि तीन-चार दिवस कसे लावावेत? (नाशिक)

राहायला पोसितोस किंवा पुंता कारेतास. संध्याकाळी पायी फिरता येतं, समोर किनारा आणि भरपूर बस. जुनं शहर, सिउदाद व्हिएखा, दिवसा सुंदर, पण कचेऱ्या सुटल्यावर ओस पडतं. संध्याकाळनंतर तिथल्या गल्ल्यांतून चालत परतण्याऐवजी टॅक्सी घ्या. फोन हातात धरून चालू नका.

विमानतळ कार्रास्कोला, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर. तिथे उतरून पुंता देल एस्तेला जायचं असेल तर शहरात येण्याची गरज नाही, त्या बस विमानतळावरच थांबतात. शहरातल्या बससाठी ‘एसटीएम’ कार्ड घ्या. रोखीपेक्षा तिकीट स्वस्त पडतं आणि तासाभरात बस बदलली तरी चालतं. बसला हात दाखवावा लागतो, नाहीतर ती थांबत नाही. तिकिटाचा कागद उतरेपर्यंत टाकू नका, तपासनीस चढतात. त्रेस क्रुसेस बसस्थानकाहून जुन्या शहराला जायला ‘सीए१’ ही स्वस्त गाडी आहे.

जुनं शहर कामाच्या दिवशी पाहा. प्लासा इंदेपेन्देन्सियापासून सुरुवात करा. चौकाखाली देशाचे आद्य नेते आर्तिगास यांची समाधी आहे, कडेला १९२८ चा उंच पालासिओ साल्व्हो. मागे १८५६ चं सोलिस नाट्यगृह. त्याची मार्गदर्शकासह फेरी घ्या. १८६८ चा मेर्कादो देल पुएर्तो हा लोखंडी मंडईचा सांगाडा पाहण्याजोगा, पण आत मांस भाजण्याचा धूर कोंदलेला असतो. शाकाहारी माणसाने सकाळी लवकर बाहेरून पाहून निघावं. १९३० च्या पहिल्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या सेंतेनारिओ मैदानात झाला, तिथल्या स्टँडखाली संग्रहालय आहे. यजमानांनी त्यात अर्जेंटिनाला ४-२ असं हरवलं होतं.

रविवार मात्र वेगळा लावा. जुनं शहर त्या दिवशी बंदच असतं. सकाळी त्रिस्तान नार्वाखा रस्त्यावरचा बाजार: जुनी पुस्तकं, नाणी, हत्यारं, भाज्या, पक्षी, सगळं एकाच रांगेत. दुपारी तो उठतो. मग २२ किलोमीटरहून अधिक लांबीच्या किनारी रस्त्याचा, राम्ब्लाचा, एखादा तुकडा चाला. संध्याकाळी बार्रिओ सुर आणि पालेर्मो भागात कांदोम्बेचे ढोल निघतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी जपलेली ही परंपरा. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. चिको, रेपिके आणि पियानो असे तीन आकारांचे ढोल. निघण्याआधी रस्त्यावर शेकोटी पेटवून कातडी तापवतात, म्हणजे सूर चढतो. ती वेळ गाठा, वादनाइतकीच ती पाहण्यासारखी असते. बघे ढोलांच्या मागे किंवा कडेने चालतात. समोर उभं राहून वाट अडवायची नाही. फेब्रुवारीतली मोठी मिरवणूक, ‘यामादास’, दोन रात्री चालते आणि पाऊस आला तर पुढे ढकलतात. त्यासाठी येणाऱ्यांनी हाती दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवावेत.

शहरासमोरचं पाणी हे समुद्र नसून रिओ दे ला प्लाताचं रुंद मुख आहे. ते कधी तपकिरी, कधी निळसर दिसतं. चौपाटीवर हिरवा, पिवळा, लाल बावटा लाटांचा धोका सांगतो. आरोग्याचा बावटा लागला असेल तर पाणी दूषित आहे. मोठा पाऊस झाल्यावर एक दिवस पाण्यात उतरू नका. पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर तो विषारी शेवाळासारख्या जिवाणूंचा असतो, मुलांना अजिबात सोडू नका.

काबो पोलोनिओला वीज नाही म्हणतात. तिथे राहणं कितपत सोयीचं? (छत्रपती संभाजीनगर)

सोयीचं नाही, आणि तरी समुद्रकाठच्या या छोट्या वस्तीत एक रात्र राहाच. त्रेस क्रुसेसहून साडेचार तासांच्या आसपास बस ‘पुएर्ता देल पोलोनिओ’ या प्रवेशद्वाराशी सोडते. पुढचे सात किलोमीटर वाळूचे. खासगी गाड्यांना बंदी. उंच चाकांचे उघडे ट्रक अर्ध्या तासात नेतात. तिकीट जाऊन-येऊन घ्या आणि शेवटचा ट्रक किती वाजता ते तिथेच विचारा, कारण उन्हाळ्यात फेऱ्या भरपूर असतात, हिवाळ्यात विरळ.

विजेच्या तारा फक्त १८८१ च्या दीपगृहापर्यंत. बाकी घरांत सौर पॅनेल आणि मेणबत्त्या. पाणी मोजूनमापून. एटीएम नाही, म्हणून रोख रक्कम न्या. चाकांची बॅग वाळूत ओढता येत नाही. मोठं सामान त्रेस क्रुसेसच्या सामानघरात ठेवून पाठीवरच्या पिशवीत विजेरी, पॉवर बँक, गरम कपडा आणि दोन लिटर पाणी घ्या. दीपगृहाखालच्या खडकांवर समुद्रसिंहांची वसाहत आहे. कठड्याच्या अलीकडे राहा. नर चिडला की माणसाच्या अपेक्षेपेक्षा वेगात येतो. ऊन फार तीव्र असतं, ढगाळ दिवशीही कातडी भाजते.

कोलोनिया पोर्तुगीजांनी वसवलं म्हणतात. गोव्याशी मिळतंजुळतं काही दिसेल का? (पणजी)

१६८० मध्ये रिओ दे जानेरोचे गव्हर्नर मानुएल लोबो यांनी ते वसवलं, ब्यूनोस आयर्सच्या थेट समोर. त्यामुळे ते स्पेनच्या डोळ्यांत खुपत राहिलं आणि १७७७ च्या तहाने स्पेनकडे गेलं. १९९५ पासून जागतिक वारसा. पणजीतल्या फोंताइन्यासच्या गल्ल्या ओळखीच्या असतील तर इथली उतरत्या छपरांची बुटकी घरं लगेच ओळखाल. गल्ल्यांकडे पाहा: पोर्तुगीज काळातल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी मध्यभागी उतार असतो, पाणी मधून वाहतं. ‘सुस्कार्‍यांची गल्ली’, काशे दे लोस सुस्पिरोस, हे त्याचं स्पष्ट उदाहरण. ओबडधोबड दगडांवर पातळ तळव्याची चप्पल टिकत नाही, पाऊल मुरगळतं. दिवसाचे पर्यटक संध्याकाळच्या बोटीने जातात. एक रात्र राहणाऱ्याला गाव मोकळं मिळतं.

पैसे डॉलरमध्ये न्यावेत की कार्ड चालेल? (सोलापूर)

दोन्ही. रुपये कुठेच बदलून मिळत नाहीत. दुकानात ‘$’ हे चिन्ह पेसोचं असतं. डॉलरची किंमत ‘U$S’ अशी लिहितात. १,२०० चा आकडा वाचून घाबरलेले लोक आम्ही पाहिले आहेत. एका डॉलरला साधारण ४० पेसो धरा. एटीएमवर दर वेळी शुल्क लागतं आणि एका वेळी मिळणारी रक्कम थोडी असते. विमानतळापेक्षा शहरातल्या ‘काम्बिओ’त भाव चांगला मिळतो. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या न्या.

मूल्यवर्धित कर २२ टक्के आहे, पण परदेशी कार्डावर हॉटेल आणि उपाहारगृहांत त्यातून सूट देण्याची पद्धत आहे. मुदत सरकार वेळोवेळी ठरवतं, म्हणून बिल देण्याआधी परदेशी कार्ड असल्याचं सांगा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. उपाहारगृहात ‘कुबिएर्तो’ नावाची बैठकीची रक्कम लावतात, ती बक्षिसी नव्हे. बक्षिसी दहा टक्के वेगळी.

भाड्याची गाडी घेऊन पूर्वेला चुइपर्यंत जायचं आहे. काय काळजी घ्यावी? (नागपूर)

गाडी उजव्या बाजूने. हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचे, हा कायदा आहे. दारूची मर्यादा शून्य. एक बिअरही चालत नाही. टोलसाठी गाडीत इलेक्ट्रॉनिक टॅग आहे का, ते ताबा घेतानाच पाहा.

चुइ गावात मुख्य रस्त्याच्या एका बाजूला उरुग्वे, दुसऱ्या बाजूला ब्राझील. मध्ये ना कुंपण ना चौकी, कारण तपासणी नाकी गावाबाहेर आहेत. यातच लोक फसतात: शिक्का न घेता पुढे गेलेल्या माणसाला ब्राझीलच्या नोंदीत प्रवेशच नसतो आणि बाहेर पडताना दंड बसतो. ब्राझीलचा व्हिसा नसेल तर उरुग्वेच्या बाजूलाच थांबा. करमुक्त दुकानंही त्याच बाजूला आहेत. वाटेत सांता तेरेसाचा किल्ला चुकवू नका. १७६२ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि स्पेनने पुरा केला.

प्लग, वेळ आणि सिमकार्ड? (रत्नागिरी)

वीज ५० हर्ट्झ, २३० व्होल्टच्या आसपास, म्हणजे आपलीच उपकरणं चालतात. दोन गोल पिनांचे चार्जर बहुतेक सॉकेटमध्ये बसतात. तीन जाड पिनांचा भारतीय प्लग बसत नाही, अ‍ॅडॅप्टर लागतो. वेळ भारताच्या साडेआठ तास मागे, वर्षभर तीच. सिमसाठी अंतेल ही सरकारी कंपनी, किनाऱ्यावरच्या छोट्या गावांतही तिची रेंज चांगली असते. पासपोर्ट दाखवून घ्या. तातडीचा क्रमांक ९११.